उभ्या गाडीचा आकडा

हे मी लिहिणारच नव्हते. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. एक तर खुद्द आधार नानांनीच हात जोडले होते, "मन्हावर लिखीसन काय व्हई बेटा, लोकेसले कामं नहीत का?" आणि दुसरं म्हणजे यात शेवटी काही चांगलं होतच नाही. कोणाला शिक्षा नाही, कोणी माफी मागत नाही, कोणी रडून गळ्यात पडत नाही. असलं कोण वाचणार? पण परवा पारोळा रोडवरून येताना नाना दिसले आणि मग राहवलं नाही. घरी आले, चप्पल पायातच होती, लॅपटॉप उघडला. चुका असतील, असू देत.

तर आधार नाना. आधार बैसाणे. आम्ही शेजारी, त्यामुळे यातलं बरंचसं त्यांच्याच घरात ऐकलेलं. धुळ्यात ज्याच्या दारात गाडी आहे त्याने त्यांना एकदा तरी पाहिलंय, नाव माहीत नसेल एवढंच. पारोळा रोडला लिंबाखाली एक जुनी पांढरी व्हॅन उभी असायची, अंगावर निळ्या अक्षरात पीयूसी. गाडीचा धूर तपासून कागद देणारे ते नाना. बारीक अंगकाठी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. कोणी घाईत आलं की म्हणायचे, "थांब भो, गाडीला दम घेऊ दे, तू बी घे."

व्हॅनच्या आधी चौतीस वर्षं ते एसटीत मेकॅनिक होते. तेव्हा कुठलं आलंय धूर मोजायचं मशीन! नानांची पद्धत एकच होती. जुन्या धोतराचं पांढरं फडकं ओलं करायचं, सायलेन्सरच्या तोंडावर तारेने बांधायचं आणि गाडी रस्त्यावर काढायची. नुसती उभी करून रेस द्यायची नाही, लळिंगचा चढ चढवून आणायची. परत आल्यावर फडकं सोडायचं, उन्हात धरायचं, बोटांनी चोळायचं, नाकाला लावायचं. रंगावरून आणि वासावरून सांगायचे, पंप बिघडलाय का नोझल, का डिझेलातच भेसळ आहे. तरुण इंजिनियर हसायचे. मग दोन दिवसांनी तेच निघालं की गुपचूप चहा पाजायचे.

त्यांची जोडी होती तोताराम ड्रायव्हरशी. तोताराम जामनेरकडचा, आवाज असा की टपावर बसलेल्यालाही ऐकू यावा. सकाळची गाडी काढायच्या आधी तोताराम स्टिअरिंगवर बसून राहायचा. कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा. नानांनी येऊन बॉनेटवर थाप मारली, "जा" म्हटलं, की मगच ब्रेक सुटायचा. साहेब ओरडले एकदा, तर तोताराम म्हणाला, "साहेब, गाडी डिझेलवर चालत नाई, आधारच्या शब्दावर चालते." आख्ख्या डेपोत ते पसरलं. नाना वरवर चिडायचे, पण आतून हे वाक्य त्यांनी आयुष्यभर जपलं. कोणाकडे जमीन असते, कोणाकडे दागिने. नानांकडे हे होतं. आधारचा शब्द.

रिटायर झाले, व्हॅन घेतली, मशीन घेतलं. सायलेन्सरात नळी घालायची, रेस द्यायची, स्क्रीनवर आकडा येतो. सुरुवातीला नानांना मशीनचा भरवसा नव्हता, बाजूला फडकं ठेवायचेच. मग हळूहळू सवय झाली. आकडा बरोबर यायचा, फडक्याशी जुळायचा. एक दिवस फडकं घरीच राहिलं. मग राहतच गेलं.

आणि पाच वर्षांपूर्वी ती अल्विरा आली.

अल्विरा म्हणजे डिझेल गाडी, कंपनीने गाजावाजा करून काढलेली, "डिझेल असूनही श्वासाइतकी स्वच्छ." नाना असल्या जाहिरातीला भीक घालणारे नव्हते. पण पहिली अल्विरा त्यांच्या व्हॅनपाशी आली, नळी घातली, रेस दिली, आणि स्क्रीनवर जो आकडा आला तो पाहून नानांनी नळी काढून पुसली. पुन्हा घातली. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा मशीन बंद करून चालू केलं. आकडा जवळजवळ शून्याला टेकलेला. डिझेल! चौतीस वर्षं काळ्या धुरात काढलेला माणूस हो तो, फुप्फुसं काळी झालेली. लहान मुलाने पहिल्यांदा चंद्र पाहावा तसे ते स्क्रीनकडे बघत बसले. गाडीवाल्याला म्हणाले, "पैसे नको देऊ. हा आकडा दाखवलास तेच खूप."

त्या दिवसापासून नानांच्या तोंडात दुसरं काही नाही. कोणी विचारलं, नाना कोणती गाडी घेऊ, की उत्तर तयार. आमच्याकडे गाडी घ्यायची म्हणजे शोरूममध्ये जाऊन कोणी घेत नाही. आधी "जाणत्याला" विचारतात. त्याने हो म्हटलं की मग शोरूम, आणि नवी गाडी घरी न्यायच्या आधी पहिला पेढा जाणत्याच्या तोंडात. तर चार वर्षांत नानांनी असे अकरा पेढे खाल्ले. स्वतःही एक अल्विरा घेतली, आयुष्यातली पहिली कार. कुंदाबाई, म्हणजे नानांची बायको, म्हणायच्या, "तुम्हाला साखर होईल लोकांच्या गाड्यांपायी."

अकरावा पेढा तोतारामचा. त्याचा मुलगा योगराज जळगाव-धुळे भाड्याने पॅसेंजर मारणार होता. तोताराम मुलाला म्हणाला, "आधार म्हनला ना? मंग झालं." पोराने दुसरी गाडी मनात धरली होती, स्वस्तातली. ती राहिली.

मग मागच्या वर्षी बातमी आली. बाहेरच्या कुठल्या तरी प्रयोगशाळेने गाडी चालती ठेवून धूर मोजला आणि भांडं फुटलं. कंपनीने गाडीच्या कॉम्प्युटरमध्येच लबाडी घातली होती. गाडी एका जागी उभी आहे, स्टिअरिंग सरळ आहे, चाकं फिरत नाहीत, म्हणजे आपली तपासणी चाललीय हे गाडीला कळायचं. तेवढ्यापुरतं धूर गाळणारं यंत्र पूर्ण चालायचं. रस्त्याला लागली की ते अर्धवट झोपायचं, आणि गाडी कितीतरी पट धूर सोडायची.

नानांनी बातमी मोबाइलवर वाचली. मग चष्मा पुसून वाचली. मग कुंदाबाईंना वाचून दाखवायला सांगितली. मशीनने चुकीचा आकडा दाखवला असता तर एवढं लागलं नसतं. मशीन बरोबर होतं. गाडी खोटी होती.

रविवारी धुळ्यातले अल्विरावाले व्हॅनपाशी जमले. लिंबाखाली नऊ गाड्या, लग्नाचं वऱ्हाड आल्यासारख्या. कापडवाले रुपचंदशेठ सगळ्यात आधी सुरू झाले.

"नाना, तुमना शब्दवर गाडी लिधी आम्ही. आते मन्ही गाडी कोन लेई? बजारमा कोनी इचारस नही!"

प्रमिलाबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, पर्स छातीशी धरून उभ्या. "विकण्याचं काय घेऊन बसलात रुपचंदभाऊ? फसवणूक झालीय. मी मुलांना झाडं लावायला लावली आणि स्वतः हे घेऊन फिरले!"

मागून कोणीतरी, "बाई, तुमची गाडी महिन्यातून एकदा एकवीरादेवीला जाते. तुमच्या धुराने देवीला ठसका लागला असेल फक्त."

सगळे हसले. नानाही हसले, आणि हसता हसताच मागून आलं, "पण नाना, कंपनी तुम्हाला किती देत होती हो? अकरा गाड्या म्हणजे थोडं नाही!"

चेष्टाच होती. पण पुढे कोणी हसलं नाही, आणि "ए, नानांना असं बोलू नको" असंही कोणी म्हणालं नाही. नानांनी हातातली नळी गुंडाळायला घेतली. गुंडाळलेलीच होती, ती सोडून पुन्हा गुंडाळली.

मग मुद्दा निघाला दुरुस्तीचा. कंपनीने कळवलं होतं की शोरूमला या, फुकट अपडेट करून देऊ, सोबत गाडी धुण्याचं कूपन. (कूपन! मला हे लिहितानाही राग येतोय.) एकाने करून घेतलं होतं. त्याने सांगितलं, गाडीची ओढ गेली, अॅव्हरेज पडलं, चढाला म्हैस होते. मग अर्ध्या तासात ठराव झाला, व्हॉट्सअॅपवर पण टाकला, कोणीही अपडेट करायचं नाही, गाडी आहे तशी चालवायची.

"मग धूर?" नानांनी विचारलं.

कोणी ऐकलं नाही असं नाही. रुपचंदशेठ म्हणाले, "नाना, आख्खा हायवे धूर सोडस. आपल्या अकरा गाड्यासना काय फरक पडस?" आणि मंडळी पांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी घरातलं जुनं धोतर शोधलं. फडकं फाडलं, ओलं केलं, आपल्या अल्विराला बांधलं. कुंदाबाईंना शेजारी बसवलं आणि लळिंगच्या चढाला लागले.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा फिरायला आणलं," कुंदाबाई म्हणाल्या, "ते पण गाडीच्या ढुंगणाला फडकं बांधून!"

वर पोचल्यावर नाना उतरले. मागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून कुंदाबाई उतरल्या. नाना रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले, हातात फडकं. तव्याच्या बुडासारखं काळं.

कुंदाबाईंनी ते हातात घेतलं. त्यांना मशीनमधलं काही कळत नाही, पण फडक्यातलं कळतं, चाळीस वर्षं धुतलीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे फडकं तर घरातच होतं ना? एकदा बांधून का नाही पाहिलं?"

नानांनी फडकं त्यांच्या हातून घेऊन त्याची घडी घातली. तो आकडा इतका सुंदर होता की त्यावर फडकं टाकावंसंच वाटलं नाही. आयुष्यभर चालत्या गाडीवर विश्वास ठेवणारा माणूस एकदाच उभ्या गाडीला भुलला, आणि अकरा घरांना घेऊन भुलला.

आपल्या गाडीचं अपडेट त्यांनी त्याच आठवड्यात केलं. आणि मग एसटीने निघाले जामनेरला.

तोताराम ओट्यावर केळीचे वेफर्स खात बसला होता. नानांना पाहून तिथूनच ओरडला, "आला का तू! मले वाटलं कंपनीनं तुले परदेशात नेलं सत्कार कराले!"

"तोता, गाडीचं अपडेट करून घे."

"बस आधी. पानी पी. सव्वाशे किलोमीटरवरून आला तू, आल्या आल्या गाडीचं नको काढू."

"मी फडकं बांधून पाहिलं. काळं निघालं. पार काळं."

तोताराम हसायचा थांबला. वेफर्सची पिशवी गुंडाळून बाजूला ठेवली. "हे पाय आधार. योगराज रोज चार फेऱ्या मारतो. चार पॅसेंजर, डिक्कीत सामान. गाडी चढाले बसली तर पॅसेंजर उद्या दुसऱ्याची गाडी धरते. पोराच्या पोटाची गाडी आहे ती. धुराचं काय, तीस वर्षं एसटी चालोली, काळा धूर मले नवा नाई."

"फडकं काळं निघालं तर मी तुला सोडत नव्हतो, तोता."

"ते डेपोत."

"इथे पण नाही. मी या गाडीला पीयूसी देणार नाही."

हे नाना ठरवून आले नव्हते. ते तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यांना वाटलं हेच खरं आहे. कागदावर आपली सही असते. चार वर्षं खोट्या कागदावर केली, नकळत. आता कळून कशी करायची?

"पास झाली तरी?" तोतारामने विचारलं.

"पास तर होणारच. उभी केली की ती शहाणी होते."

तोताराम हळू म्हणाला, आणि हळू बोलणं त्याला येतच नव्हतं म्हणून ते जास्त लागलं, "कंपनी खोटी. गाडी खोटी. हे तुले चार वर्षांनी कळलं. अन् सजा मले?"

रुक्माबाईंनी, तोतारामच्या बायकोने, जेवायला थांबा म्हटलं. नाना थांबले नाहीत.

दोन महिन्यांनी योगराजच्या गाडीचं पीयूसी संपत आलं. जळगावात दहा ठिकाणी निघालं असतं. पण तोताराम मुलाला घेऊन मुद्दाम धुळ्याला आला. पुढच्या सीटवर बसलेला, काच खाली. मला वाटतं त्याला खात्री होती. समोर गाडी उभी केल्यावर आधार नाही म्हणूच शकणार नाही, अशी.

"लाव नळी," तो म्हणाला.

नाना खुर्चीतून उठले, गाडीपाशी आले. "तोता, अपडेट करून आण. मी स्वतः येतो शोरूमला. तिथून इथे, पाच मिनिटं."

"काका," योगराज मधे पडला, "जळगावचे पॅसेंजर बसस्टँडवर उभे आहेत. इन्शुरन्स पण भरायचाय, पीयूसीशिवाय घेत नाहीत. द्या ना. मशीन पास करतं तर तुम्हाला काय?"

"मशीन करतं. मी नाही."

"असं कुठे असतं काका!"

मागे दोन मोटरसायकली थांबल्या होत्या. एकाने हॉर्न वाजवला. तोताराम खाली उतरला. नानांच्या समोर उभा राहिला, आणि आपल्याच गाडीच्या बॉनेटकडे बोट दाखवून म्हणाला, "मार थाप. म्हन जा. तीस वर्षं म्हनला, एक डाव अजून म्हन."

नानांचा हात खिशातल्या टेस्टरवर होता, तो तिथेच राहिला.

तोताराम गाडीत बसला. पन्नास पावलांवर दुसऱ्याची व्हॅन आहे. तिथे नळी लागली, रेस दिली, तीन मिनिटांत कागद निघाला. नानांना इथून सगळं दिसत होतं. जाताना गाडी त्यांच्या समोरूनच गेली. आत कोणी वळून पाहिलं नाही.

पुढचं पटकन सांगते कारण मला ते हळू सांगवत नाही. नानांनी आणखी दोन अल्विरा परत पाठवल्या, एक रुपचंदशेठची. आणि मग आरटीओ ऑफिसातून नोटीस आली. तपासणीत पास होणाऱ्या वाहनांना प्रमाणपत्र नाकारता, तक्रार आहे, खुलासा करा. नाना फडकं पिशवीत घालून गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा सांगितला, फडकं पाहिलं, बोटाला काळं लागलं ते टिश्यूने पुसलं. म्हणाले, "नाना, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण नियमात मशीनचा आकडा आहे, फडकं नाही. तुमची कुठली गाडी मशीनवर नापास झाली?"

"एकही नाही."

"मग?"

मग काय. परवाना सहा महिने बंद. एवढ्या मोठ्या भानगडीत, बरं का, आख्ख्या धुळे-जळगावात कारवाई झालेला एकच माणूस. गाडी खोटी आहे असं म्हणणारा.

तक्रारीची प्रत नोटिशीला जोडलेली होती. अर्जदार योगराज, साक्षीदार म्हणून खाली शेवटच्या 'म'ला शेपूट काढलेली सही. ती सही नानांनी तीस वर्षं गाडीच्या लॉगशीटवर रोज पाहिली होती. कुंदाबाई संतापल्या, इतक्या की शेजारी ऐकू गेलं. नाना म्हणाले, "अर्जात एक शब्द खोटा नाही. मी खरंच नाकारलं." आणि जेवले नाहीत.

त्यांनी तोतारामला दोनदा फोन केला. रिंग पूर्ण वाजली. मयुरीचं, म्हणजे तोतारामच्या मुलीचं, लग्न याच उन्हाळ्यात झालं. तिच्या बारशाला पाळण्याची दोरी नानांनी बांधली होती. पत्रिका आली नाही. फोटो आले, कोणाच्या तरी स्टेटसवर. नवरदेवाची गाडी अल्विराच होती, फुलांनी सजवलेली. नाना तो फोटो मोठा करून बघत होते. नवरीकडे नाही, सायलेन्सरकडे.

आता काय चाललंय सांगू? अकराच्या अकरा अल्विरा रस्त्यावर आहेत. नाना आणि आधीच करून बसलेला तो एक सोडून कोणीही अपडेट केलेलं नाही. कंपनीने नवीन मॉडेल काढलंय, त्याचा फलक पारोळा रोडलाच लागलाय, लिंबाच्या बरोबर समोर. सहा महिने संपत आलेत, पण नाना परवान्यासाठी अर्ज करणार नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "नळी लायी तं आकडा येस. आकडा येस तं सही करनी पडस. आते हात चालत नही बेटा." मी पुष्कळ बोलले. चिडले, रडले पण. पेपरला देऊ, कोर्टात जाऊ, व्हिडिओ करू. ते माझ्याकडे असे बघत होते की बिचारीला अजून कळलेलं नाही. शेवटी म्हणाले, "तू चहा पेनार का?"

व्हॅन विकलीय. सुरतहून नूतन, त्यांची मुलगी, महिनाअखेरीला न्यायला येणार आहे. तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खाली रस्त्यावर ओळखीचं एकही माणूस नाही. कुंदाबाईंनी भांडी बांधायला घेतलीत. तोवर नाना रोज सकाळी दहाला येतात, लिंबाखाली खुर्ची टाकतात, संध्याकाळी उचलतात. कोणी गाडी घेऊन आलंच तर म्हणतात, बंद आहे, पुढे आहे एक. पूर्वी दिवसातून दहा माणसं थांबून विचारायची, नाना टायर कोणतं टाकू, नाना हा आवाज कसला येतोय, नाना मुलीला स्कूटी घेऊ का. आता कोणी विचारत नाही. ओळखीचे हॉर्न वाजवून जातात. काही तेही करत नाहीत.

म्हणून हे लिहिलं. माझ्याने दुसरं काही होणार नाही आणि तुमच्यानेही होणार नाही, मला माहीत आहे, परवाना नाही, तोताराम नाही, काही परत येणार नाही. पण तुम्ही धुळ्यात असाल किंवा धुळ्यावरून जाणार असाल तर पारोळा रोडला थांबा. सांत्वन करू नका, त्यांना ते कळतं. त्यांच्याजवळ बसा आणि गाडीबद्दल काहीतरी विचारा. काहीही. आणि ते सांगतील ते नीट ऐकून घ्या. या महिन्याचे मोजून नऊ दिवस उरलेत. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. भेटून या.